कॅमेरा गेल्यानंतरची गाडी

गंजलेली, टायर बसलेली, आत उंदरांनी घर केलेली जुनी मोटार गॅरेजमध्ये ओढत आणायची, पाऊण तासात तिचा कायापालट दाखवायचा आणि शेवटी वरचं कापड ओढून मालकाच्या डोळ्यांत पाणी आणायचं, हा टीव्हीवरचा साचा आता नागपुरातही घरोघरी ओळखीचा झाला आहे. डिस्कव्हरी टर्बोसारख्या वाहिन्यांनी तो आणला, यूट्यूबने हातातल्या फोनवर पोचवला आणि आता अर्ध्या मिनिटाच्या रीळमध्ये ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढाच उरून तो रोज समोर येतो. त्यामुळे वडिलांची ॲम्बेसिडर, आजोबांची फियाट, अंगणात ताडपत्रीखाली पडून असलेली जीप पुन्हा उभी करावी, असं अनेकांच्या मनात येऊ लागलं आहे. ही इच्छा चांगलीच आहे. पण हे कार्यक्रम जिथे संपतात तिथेच गाडीची खरी परीक्षा सुरू होते. कापड ओढल्यानंतर पाच वर्षांनी ती गाडी कुठे असते, चालते का, कोणाच्या नावावर असते, याबद्दल पडद्यावर सहसा अवाक्षर निघत नाही. जेवढी माहिती बाहेर आली आहे ती नीट लावून पाहिली, तर माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो. जुनी गाडी टिकेल की नाही, हे तिच्यावर किती पैसा ओतला किंवा ती किती झळकते यावर ठरत नाही. तिचे कागद सरळ आहेत का, तिची नस ओळखणारा मिस्त्री हाकेच्या अंतरावर आहे का आणि ती वरचेवर चालवली जाते का, या तीन गोष्टींवर ते ठरतं. नेमक्या याच तीन गोष्टी कॅमेऱ्याला पकडता येत नाहीत.

सुरुवात परदेशापासून करावी लागते, कारण साचा तिथला आहे आणि त्याचा हिशेबही तिथेच मांडला गेला आहे. एमटीव्हीवर २००४ ते २००७ या काळात ‘पिंप माय राइड’ हा कार्यक्रम चालला. रॅपर एक्झिबिट एखाद्या तरुणाच्या दारात जायचा, त्याची खिळखिळी गाडी घेऊन जायचा आणि तिच्यात टीव्हीचे पडदे, प्रचंड स्पीकर, कधी मत्स्यालयसुद्धा बसवून ती परत करायचा. २०१५ मध्ये हफिंग्टन पोस्टने त्यातल्या काही मालकांना गाठलं आणि पुढे काय झालं ते विचारलं. गाडी काही दिवसांत परत मिळाल्याचा भास पडद्यावर होत असला, तरी प्रत्यक्षात कित्येक महिने गाडीविना काढावे लागले, असं मालकांनी सांगितलं. काही वस्तू चित्रीकरणापुरत्याच बसवल्या होत्या आणि नंतर काढून घेतल्या गेल्या. बॉनेटखालच्या कामाकडे मात्र फारसं लक्ष दिलं गेलं नव्हतं. त्यामुळे बाहेरून नवी दिसणारी गाडी आतून होती तशीच जुनी राहिली, वर तिच्यावर नव्या सामानाचं ओझं आलं. काही गाड्या बंद पडल्या, काही विकल्या गेल्या. निर्मात्यांची बाजूही ऐकली पाहिजे. काही वस्तू सुरक्षिततेसाठीच काढल्या, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते पटण्यासारखं आहे. पण मग प्रश्न असा उरतो की, जी वस्तू रस्त्यावर धोकादायक आहे ती रस्त्यावरच्या गाडीत बसवून दाखवण्याचं प्रयोजन काय? उत्तर सरळ आहे. ती गाडी प्रेक्षकासाठी बनवली जात होती, मालकासाठी नव्हे.

याहून बोलकं उदाहरण ‘व्हीलर डीलर्स’चं आहे, कारण तो कार्यक्रम भपक्याचा नव्हता. २००३ मध्ये सुरू झालेल्या या ब्रिटिश मालिकेत माइक ब्रूअर जुनी गाडी विकत घ्यायचा, एड चायना ती दुरुस्त करायचा आणि शेवटी ती विकून नफा-तोटा मांडला जायचा. चायनाचं काम बघणं हे एक शिक्षणच होतं. बेअरिंग कसं उतरवायचं, सील का गळतं, कुठला नट आधी सैल करायचा, हे तो कॅमेऱ्यासमोर संथपणे दाखवायचा. मार्च २०१७ मध्ये त्याने मालिका सोडत असल्याचं जाहीर केलं आणि कारणही सांगितलं: गॅरेजमधल्या दुरुस्तीचे तपशीलवार भाग चित्रित करणं अवघड पडतं म्हणून ते कमी करावेत, असं नव्या निर्मात्यांना हवं होतं. या साच्याबद्दल यापेक्षा स्पष्ट साक्ष मिळणं कठीण आहे. जो भाग गाडीला वाचवतो, तोच चित्रीकरणाला सगळ्यात महाग पडतो. त्या मालिकेच्या हिशेबातही एक गोष्ट कधीच धरली जात नसे, ती म्हणजे मजुरी. गाडीची खरेदी आणि सुट्या भागांची किंमत विक्रीतून वजा केली की नफा हाती येई. चायनाने घातलेले तास फुकट. आपल्याकडे एखादा माणूस हे पाहून जुनी फियाट घेतो आणि पत्रेकाम, रंग, इंजिन, वायरिंग, सीट अशी पाच माणसांची मजुरी मोजताना हबकतो, त्याचं मूळ या वजाबाकीत आहे. अमेरिकेतल्या ‘ओव्हरहॉलिन’मध्ये चिप फूस आणि त्याची माणसं एखादी गाडी जेमतेम आठवड्यात नव्याने उभी करायची. ते कौशल्य वादातीत आहे. पण त्यामागे रात्रंदिवस राबणारं मोठं पथक आणि आधीच मागवून ठेवलेले भाग असायचे. ती घाई साध्या गॅरेजने केली, तर रंगाच्या दोन थरांमध्ये सुकायला द्यायचा वेळच मारला जातो.

आता नागपूरकडे येऊ. इथे मोटारीला दोन शत्रू आहेत आणि दोन्ही आभाळातून येतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि त्यानंतर जूनपासून चार महिने पाऊस. उन्हात रबर कडक होऊन चिरतं. काचेभोवतीची पट्टी, दरवाजाचं बीडिंग, पेट्रोलचे पाइप, ब्रेकचे कप, कशाचीच सुटका नाही. मग त्या चिरांतून पावसाचं पाणी दरवाजाच्या आत उतरतं. दरवाजाच्या तळाला पाणी वाहून जाण्यासाठी बारीक भोकं ठेवलेली असतात. ती धुळीने आणि रंगाने बुजली की पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. बाहेर फोड दिसतो तोवर आतला भाग संपलेला असतो. इथेच स्वस्त कायापालटाची युक्ती वापरली जाते. कुजलेला पत्रा कापून, नवा तुकडा ठोकून बसवून, वेल्डिंग करण्याऐवजी त्याच्यावर पुट्टी भरली जाते, घासून गुळगुळीत केली जाते आणि वरून रंग मारला जातो. फोटोत दोन्ही कामं सारखीच दिसतात. ओळखण्याचा उपाय मात्र सोपा आहे. छोटं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून दरवाजाच्या खालच्या कडेवरून, चाकावरच्या कमानीवरून आणि उंबरठ्याच्या पट्टीवरून हळूहळू फिरवायचं. चांगल्या पत्र्यावर ते हाताला ओढ देतं. पुट्टी जाड असेल तिथे ती ओढ एकदम सुटते. ज्या गाडीवर चुंबक ठिकठिकाणी असं सुटतं, तिच्या रंगाला पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा फोड येणार, हे धरून चालावं.

बॉनेटखालचा प्रकार आणखी गुंतागुंतीचा आहे. जुन्या गाड्यांचा यांत्रिक पेट्रोल पंप इंजिनालाच लागून असतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारच्या गर्दीत गाडी रांगत राहिली, की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाही आणि गाडी चौकातच उभी राहते. पंपावर ओलं फडकं गुंडाळण्याचा उपाय जुन्या चालकांना तोंडपाठ होता; नव्या मालकाला वाटतं की इंजिनाचा खर्च वाया गेला. त्यात इंधन बदललं आहे. देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० च्या फेब्रुवारीपासून आलं. त्याआधी शिशाचा पातळ लेप व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजेपासून वाचवत असे. आता हेड उघडलंच आहे तर कठीण धातूच्या बैठका बसवून घेणं शहाणपणाचं ठरतं. गेल्या काही वर्षांत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. या धोरणाचा सर्वात ठाम पुरस्कार नागपूरचेच खासदार नितीन गडकरी करत आले आहेत, आणि तेलाची आयात कमी करण्याचा त्यामागचा हेतू रास्त आहे. पण कार्बोरेटरच्या जमान्यातल्या गाड्या या इंधनासाठी बनवलेल्या नाहीत, हेही तितकंच खरं आहे. जुन्या वाहनांतले काही रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच २०२५ मध्ये सांगितलं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीत याचा फारसा त्रास नाही, कारण टाकी भरते आणि रिकामी होते. जी गाडी रंगवून, पॉलिश करून शेडमध्ये सहा महिने उभी केली जाते तिच्या टाकीत मात्र ते पाणी तळाशी बसतं, पत्र्याची टाकी आतून गंजते, आणि त्या गंजाचा मोहरीएवढाही नसलेला कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकून अख्खी गाडी बंद पाडतो. म्हणूनच मी चालवण्यावर इतका भर देतो. जपून ठेवलेली गाडी वापरातल्या गाडीपेक्षा लवकर खराब होते, ही गोष्ट टीव्हीवरच्या शेवटच्या दृश्यातून कधीच कळत नाही.

कागदांचा भाग सर्वात कोरडा, आणि बहुतेक गाड्या तिथेच अडतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. याचा अर्थ सगळेच बदल बंद आहेत असा नाही. मान्यताप्राप्त सीएनजी संच बसवता येतो, पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने मंजूर केलेला इलेक्ट्रिक संच बसवता येतो, रंग बदलता येतो, खराब इंजिनाच्या जागी त्याच जातीचं दुसरं घालता येतं. मात्र प्रत्येक वेळी परवानगी आणि आरसी बुकात नोंद लागते. छप्पर कापणं, चेसिस लांबवणं, भलत्याच कंपनीचं मोठं इंजिन कोंबणं, पाश्चात्त्य कार्यक्रमांत टाळ्या मिळवणारी ही कामं इथे गाडीला रस्त्यावरून उतरवतात.

आणि खरी मेख पुढे आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, खासगी वापरातली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. तिला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेली खास नंबरप्लेट मिळते, नोंदणी दहा वर्षं चालते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार आणि फेरनोंदणीचं पाच हजार रुपये आहे. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असली पाहिजे, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे टीव्हीसारखा कायापालट केलेली गाडी, तिच्यावर कितीही लाख खर्च झाले असले तरी, या दर्जाला मुकते. आणि वडिलोपार्जित, साधी, रंग फिका पडलेली पण अस्सल राहिलेली गाडी त्याला पात्र ठरते. कायद्याने इथे दिखाव्यापेक्षा अस्सलपणाला मान दिला आहे, आणि तो योग्यच आहे. जुन्या मोटारींची जागतिक संघटना ‘फिवा’ने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरीन सनदेचाही रोख हाच आहे: जमेल तितकं मूळ राखा, लागेल तेवढंच बदला आणि वाहन वापरात ठेवा.

अडचण विदर्भातल्या गाड्यांच्या पूर्वेतिहासात आहे. पेट्रोल महागलं तेव्हा अनेकांनी ॲम्बेसिडरमध्ये आणि जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतलं. काहींनी आरसीवर नोंद केली, पुष्कळांनी केली नाही. आज तीस-चाळीस वर्षांनी नातू ती गाडी बाहेर काढतो, लाखभर रुपये रंगावर आणि सीटवर घालतो आणि मग कळतं, की पुस्तकातला इंजिन नंबर एक आणि ब्लॉकवर कोरलेला दुसराच. कधी गाडी आजोबांच्याच नावावर राहिलेली असते आणि वारसांची नावं चढलेली नसतात. कधी पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरणच झालेलं नसतं. ते दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि खासगी मोटारीसाठी त्याचं शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेलं. हे सगळं आधी तपासता येतं आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. पण कार्यक्रमांनी आपल्या मनात क्रम उलटा बसवला आहे: आधी रंग, मग इंजिन, आणि कागद जमलं तर.

‘मग कॅमेऱ्यासमोर आलेली एकही गाडी टिकली नाही का?’ असं कोणी विचारेल. टिकल्या आहेत, आणि कशा टिकल्या ते पाहण्यासारखं आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे या यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून छोटी जीप बनवली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी, सुमारे साठ हजार रुपये खर्चाची. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर गाजला. ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या स्थानिक अधिकारी ती थांबवतील, हे ओळखून आनंद महिंद्रांनी बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली. लोहारांची जीप कंपनीने आपल्या संग्रहासाठी घेतली. दुसरं उदाहरण पहिल्या मारुती ८०० चं. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते तिची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. ते २०१० मध्ये वारले आणि नंतर ती गाडी त्यांच्या घराबाहेर गंजत पडल्याचे फोटो फिरू लागले. पुढे कंपनीने ती नव्यासारखी करून आपल्या मुख्यालयात मांडली. तिसरं, नेताजींच्या १९४१ च्या निसटण्यातली जर्मन वाँडरर. ऑडीच्या मदतीने तिचं नूतनीकरण झालं आणि जानेवारी २०१७ मध्ये कोलकात्याच्या नेताजी भवनात राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी तिचं अनावरण केलं. तिन्ही गाड्या सुरक्षित आहेत, पण तिघींच्याही पाठीशी एखादी कंपनी किंवा संस्था उभी राहिली म्हणून. कोणाच्याही अंगणातली ॲम्बेसिडर एवढी नशीबवान नसते. आणि मांडून ठेवलेल्या मोटारीचं रूप टिकतं, तिचं चालणं टिकत नाही. घरच्या गाडीसाठी हा आदर्श होऊ शकत नाही.

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्हींचं उत्तर द्यायला हवं. पहिला असा, की काही असलं तरी या कार्यक्रमांनी आवड निर्माण केली. त्यांच्यामुळे भंगारात जाणाऱ्या शेकडो गाड्या वाचल्या. हे मला मान्य आहे. नॅशनल जिओग्राफिकवरच्या ‘कार एसओएस’सारखी मालिका तर आजारपणामुळे किंवा अडचणीमुळे ज्यांचं काम अर्धवट राहिलं त्यांच्याच गाड्या घेते आणि यांत्रिक काम मनापासून करते. माझी तक्रार आवडीबद्दल नाही, अपुऱ्या ज्ञानाबद्दल आहे. अर्धी गोष्ट दाखवून लावलेली आवड माणसाला चुकीच्या क्रमाने पैसे खर्च करायला लावते आणि पहिल्या बिघाडात विझते.

दुसरा आक्षेप पर्यावरणवाद्यांचा: जुनी गाडी धूर ओकते, ती जपायची कशाला? ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेलं वाहन भंगार धोरण याच विचारातून आलं, आणि रोज शंभर किलोमीटर पळणारी, झिजलेल्या इंजिनाची व्यापारी वाहनं मोडीत निघावीत, यात मला शंका नाही. प्रत्येक जुनी गाडी वारसा नसते, हेही मान्य केलं पाहिजे. पण प्रदूषण वाहनाच्या वयाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, त्याच्या धावेवर आणि निगेवर अवलंबून असतं. महिन्यातून दोन रविवार बाहेर निघणारी, नीट ट्यून केलेली फियाट शहराची हवा बिघडवत नाही. म्हणून सरकारनेच व्हिंटेज वाहनांना भंगार धोरणातून बाजूला ठेवलं. खरी पोकळी आहे ती पंधरा ते पन्नास वर्षांमधल्या गाड्यांची. १९८३ची पहिली मारुती ८०० पन्नास वर्षांची होईल ती डिसेंबर २०३३ मध्ये. तोवर त्या पिढीच्या कुठल्याही गाडीला वारसा म्हणून ओळख नाही; शुल्क, पर्यावरण कर आणि तपासणी मात्र आहे. मधल्या काळासाठी, मर्यादित धावेच्या अटीवर, एखादा वर्ग करायला हवा. नाहीतर पन्नाशीला पोचायला गाड्या उरणारच नाहीत.

तिसरा आक्षेप मला सर्वात जिव्हाळ्याचा वाटतो: हा श्रीमंतांचा शौक आहे, सर्वसामान्यांना त्याचं काय? रोल्स-रॉइसबद्दल हे खरं असेल. पण आपल्याकडची जुनी वाहनं प्रामुख्याने मध्यमवर्गाची आहेत. ॲम्बेसिडर २०१४ पर्यंत उत्तरपाड्याला बनत होती. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरच्या रस्त्यांवर पांढऱ्या ॲम्बेसिडरच ॲम्बेसिडर दिसत. प्रीमियर पद्मिनी वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. चेतक आकुर्डीची, येझदी म्हैसूरची. ही वाहनं हप्त्यांवर घेतली गेली, त्यांवरून मुलं शाळेत गेली, नवऱ्या मुली सासरी गेल्या. त्यांना जपण्यातला खर्च परदेशी भागांचा नाही, इथल्याच हातांच्या मजुरीचा आहे. कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाताना किंवा सेंट्रल ॲव्हेन्यूच्या आतल्या गल्ल्यांत ज्या छोट्या गॅरेजांतून हे काम होतं तिथे तो पैसा जातो. चेपलेला मडगार्ड आतून हातोडी आणि बाहेरून ठोकळा धरून पुट्टीशिवाय सरळ करणारा डेंटर, कानाने टायमिंग लावणारा उस्ताद, जुनं जेट सुईने नव्हे तर हवेने साफ करायचं हे जाणणारा कार्बोरेटरवाला, अशी माणसं प्रत्येक शहरात दरवर्षी कमी होत आहेत. त्यांची मुलं स्कॅनर लावून नव्या गाड्या दुरुस्त करतात, आणि त्यात चूक काहीच नाही. सुट्या भागांचंही तसंच. मुंबईत टॅक्सी धावत होत्या तोवर पद्मिनीच्या भागांचा बाजार जिवंत होता. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, तेव्हा त्या बाजाराचा सर्वात मोठा गिऱ्हाईकही गेला.

म्हणून मला वाटतं की, नागपूरने या प्रश्नाकडे हौस म्हणून न पाहता कौशल्य म्हणून पाहावं. मोतीबागेत रेल्वेने २००२ पासून नॅरोगेजची इंजिनं आणि डबे जपून ठेवले आहेत. शाळेच्या सहली तिथे जातात. मोटारींसाठी तसंच ठिकाण करता येईल, पण त्यात नुसत्या गाड्या मांडण्याऐवजी एक चालतं गॅरेज असावं. श्रद्धानंदपेठेतल्या शासकीय आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं शिक्षण घेणाऱ्या मुलांना वर्षातले काही आठवडे निवृत्तीला आलेल्या उस्तादांच्या हाताखाली पत्रेकाम आणि कार्बोरेटर शिकता आलं, तर दोन्ही पिढ्यांचा फायदा आहे. उस्तादांना मानधन मिळेल, आणि मुलांना असं कसब मिळेल ज्याला मुंबई-पुण्याच्या संग्राहकांकडून मागणी येऊ शकते. प्रादेशिक परिवहन कार्यालयाने वर्षातून एक-दोन दिवस जुन्या वाहनांच्या कागदांसाठी शिबिर घ्यावं: वारसनोंद, इंजिन बदलाची नोंद, नूतनीकरण आणि व्हिंटेज अर्जाचं मार्गदर्शन एकाच टेबलावर. यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. रंगवाल्याकडे जाण्याआधी आरसी बुक काढा, चेसिस आणि इंजिनावरचे नंबर टॉर्च मारून वाचा आणि पुस्तकाशी ताडून पाहा. नाव आजोबांचं असेल तर आधी वारसनोंदीचं काम सुरू करा. त्यानंतर ब्रेक, पेट्रोलचे पाइप, टाकी आणि वायरिंग, मग पत्रा, आणि सगळ्यात शेवटी रंग, तोही मूळ छटेचाच. उरलेले जुने भाग भंगारवाल्याला देऊ नका, डब्यात घालून नावं लिहून ठेवा. गाडीला पन्नास वर्षं झाली असतील तर फॉर्म २० भरून परिवाहन पोर्टलवरून व्हिंटेज नोंदणीसाठी अर्ज करा. वैध विमा आणि जुनं आरसी सोबत लागतं. आणि गाडी तयार झाल्यावर, नोंदणीने जेवढी मुभा दिली असेल तेवढ्यात, पंधरा दिवसांतून एकदा तरी ती सकाळच्या गारव्यात बाहेर काढा आणि इंजिन पुरतं तापेपर्यंत चालवा.